दुसऱ्याच्या हातची बादली

श्रावण, काल सकाळी मी आपली भट्टी पेटवली.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. तुझ्या घरी अजून माणसं भेटायला येतात आणि इकडे मी वावरात उकिडवा बसून भट्टीत कापसाच्या झाडांच्या वाळक्या पराट्या सारतो आहे, हे कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, या केशवला काही लाजशरम? म्हणोत बापडे. दोन वर्षं थंड पडलेली भट्टी. पहिला धूर सगळा माझ्याच तोंडावर आला. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं, असं मी तुला सांगितलं असतं, आणि तू मान हलवून म्हटलं असतंस, "हाव ना केशवभाऊ, धुराचंच."

हे मी लिहितो आहे ते तू जिवंत असतानाही वाचलं नसतंस. वाचून दाखव म्हणाला असतास आणि दुसऱ्याच ओळीला हसला असतास. "असं पुस्तकातल्यावानी काऊन बोलून राह्यला बे?" काय करू गड्या, कागद पुढे आला की माझी जीभ सातवीच्या परीक्षेला बसते. तुझा जन्म कधीचा हेही मला लिहिता येत नाही. श्रावणात झालास म्हणून श्रावण, एवढंच तुझ्या बाबांना आठवतं. मला तुझ्याशी वाफेबद्दल बोलायचं आहे. आणि विहिरीबद्दल. विहिरीचं शेवटी बोलतो, कारण त्याला धीर लागतो.

सुरुवात माझ्या गुडघ्यांपासून झाली. भाजीला पाणी देत ओलात उभं राहून राहून ते असे धरले की सकाळी खाटेवरून उठताना मायचा हात लागायचा. वर्ध्याकडे एक निसर्गोपचारवाले गुरुजी आहेत, वाफ देऊन सांधे मोकळे करतात, असं कोणीतरी सांगितलं. तू पुलगावच्या कापसाच्या प्रेसमध्ये बॉयलरवर आगवाला. तुझा हंगाम संपलेला, म्हणून सोबतीला आलास. गुरुजींनी मला एका लाकडी पेटीत बसवलं. गळ्याभोवती फळ्या, मुंडकं बाहेर, बाकी सगळा केशव आत. मी तिथे शिजतो आहे आणि तू दारात उभा राहून तोंडात दुपट्टा कोंबून हसतो आहेस. गुरुजी रागावले तसा तू बाहेर गेलास, आणि बाहेरून तुझं हसणं आणखीच जोरात ऐकू आलं.

परत येताना म्हणालास, "हे तं आंब्याची अढी लावल्यावानी झालं. पेटी कायले पायजे? अख्खी खोली भरू. वाफ म्हंजे माह्यं काम हाय."

आणि भरलीस. माझ्या विहिरीजवळची कडब्याची खोली रिकामी केली, छपराच्या कवेलूंच्या खाली बांबूचे तट्टे ठोकून माती लिंपली, बाभळीची एक फळी बसायला. सडकेच्या कामावरून डांबराचं रिकामं पिंप आणलंस, ते बाहेर भट्टीवर चढवलं, त्याची नळी भिंतीतून आत. पिंप तीनदा जाळून काढलंस म्हणे तू! पहिल्या दिवशी आपण दोघं बाहेर आलो ते नव्या सडकेसारखे वास मारत आलो. मायनं मला दोन दिवस चुलीजवळ येऊ दिलं नाही. मग तू नळीच्या तोंडाला निंबाचा पाला बांधलास, दाराला प्रेसमधला फाटका बारदाना ओला करून टांगलास, आणि आपली खोली झाली. नाचणगावात लोक तिला 'केशवची वाफखोली' म्हणायचे. मी कधी कोणाला सुधारलं नाही, की बाबा, श्रावणची म्हणा.

नियम तू घातलास. प्रेसमध्ये आगवाला बॉयलरची राख ओढून बाहेर आला की तो स्वतःच्या हातानं पाणी घेत नाही. डोकं गरगरत असतं, बादली हातात घेतली तर बादलीसकट पडतो. म्हणून जोडीदार ओततो. आधी पाय, मग खांदे, मग डोकं. "दुसऱ्याच्या हातचंच पानी लागते," तू म्हणालास. "सोताच्या हातचं पानी नुसतं वलं करते."

पुसाच्या थंडीतल्या सकाळी आठवतात तुला? वावरावर धुकं असं बसलेलं की बांध, आपला धुरा, दिसायचा नाही, सांभाराच्या, पुस्तकातल्या भाषेत कोथिंबिरीच्या, पानांवर दव, आणि तू बारदाना उचलून आत शिरायचास. आतली वाफ आणि बाहेरचं धुकं एकच होऊन जायचं. कधी कधी मी बाहेर येऊन उभा राहिलो तरी आपण बाहेर आलो असं वाटायचं नाही. विहीर कुठे, निंब कुठे, सगळं विरघळलेलं, आणि आपल्या दोघांच्या अंगातून धूर निघतो आहे. तू स्वतःच्या हाताकडे बघत बसायचास, बोटाबोटातून वाफ वर जायची. पुलगावकडून प्रेसचा भोंगा वाजायचा तो कुठल्या दुसऱ्या मुलखातून आल्यासारखा. तू म्हणायचास, पाच मिनिटं अजून. मग पळत जायचास.

वैशाखात लोकांनी वेड्यात काढलं. "उनानं मानूस मरून राह्यला अन् हे दोघं वाफ घेते!" पण आतून निघून निंबाखाली आलं की तीच झळ, जी घटकेपूर्वी तोंड भाजत होती, ती अंगाला थंड लागायची. मला अजून कळलेलं नाही हे कसं होतं. दुपारी निंबाखाली पडून राहायचो, डोळ्यांवर ओला दुपट्टा, निंबोळ्या टपटप पडायच्या. झोप लागायची की नाही कोण जाणे. एका दुपारी तू म्हणालास, मेल्यावर असंच असंन तं काई हरकत नाई. मी तुला शिवी दिली. ती आज परत घेतो.

आणि झड. चार-चार दिवस सूर्य नाही, पराट्या ओल्या, भट्टी नुसती धुपायची, तू फुंकून फुंकून लाल. पण एकदा वाफ धरली की आत बसून कवेलूंवरचा पाऊस ऐकण्यासारखं सुख नव्हतं. त्या दिवसांत बादलीचं काम नसायचं. बारदाना सारून सरळ पावसात उभं राहायचं. पाय, खांदे, डोकं, काही क्रम नाही, वरून सगळं एकदम. मला वर्षभरातले तेच दिवस सगळ्यांत आवडायचे. का आवडायचे याचा मी तेव्हा विचार केला नाही.

आत वाफ दाट झाली की आपण एकमेकांना दिसायचो नाही. नुसता आवाज. बाहेर तू मला 'केशवभाऊ' म्हणायचास, 'तुमी' म्हणायचास. वाफ धरली की तुझा आवाज यायचा, "केशव, सरक बे." मला ते फार गोड लागायचं. मी वाट बघायचो त्याची. बारदाना उचलला की परत केशवभाऊ.

आपलं भांडण आठवतं? वाफ म्हणजे पाणी की आग? मी म्हणायचो आग, भाजते म्हणजे आगच. तू इतकी वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस, तू म्हणायचास, "पानीच हाय. आगीनं भेवाडलेलं पानी. भेव गेलं का परत पानी." मी मानलं नाही. मी कधीच काही पटकन मानत नाही, हे माझ्या मायला विचार.

आता विहीर.

विहीर माझी, रहाट माझा. बाहेर आलो की बादली मी ओढायचो, आणि आधी तुझ्यावर ओतायचो. पाय, खांदे, डोकं. मला त्याचा केवढा अभिमान होता, श्रावण! गावात कोण माणूस तुमच्या मोहल्ल्यातल्या माणसाला स्वतःच्या हातानं अंघोळ घालत होता? मी घालत होतो. हे मी बाजारात दोघाचौघांना सांगितलंही. मग दुसरी बादली मी ओढायचो आणि माझ्या अंगावर मीच घ्यायचो. तू बाजूला उभा राहून म्हणायचास, "केशवभाऊ, चक्कर येईन, बसून घ्या." बस एवढंच.

तुला आयुष्यभर पाणी वरूनच मिळालं. हाटेलात, शाळेच्या ओट्याखाली, कोणाच्या अंगणात. ओंजळ धर आणि वरून कोणीतरी ओतणार. आणि मीही तेच करत होतो, फक्त बादली मोठी होती. हे मला तू असताना दिसलं नाही. समोर उभा होतास, निथळत होतास, तरी दिसलं नाही.

एका हिवाळ्यात मी पडलो. बाहेर आलो आणि डोळ्यांपुढे अंधारी. पडता पडता मला दिसलं, रहाटाजवळ भरलेली बादली होती आणि तुझा हात तिच्याकडे गेला. आणि थांबला. मग तू पळत जाऊन पिंपातलं उरलेलं कोमट पाणी आणलंस आणि माझ्या तोंडावर शिंपडलंस. त्याला डांबराचा वास येत होता. शुद्धीवर आल्यावर मी चेष्टा केली, "अबे, थंडं पानी बाजूले होतं ना!" तू भट्टीकडे जाऊन राख ओढायला लागलास. मीही विषय वाढवला नाही, कारण मला माहीत होतं तुझा हात का थांबला.

त्यानंतरच्या दसऱ्याला तू नागपूरला गेलास. सगळा मोहल्ला गेला, पांढरे कपडे घालून. परत आलास तो चौथ्या दिवशी सकाळी वावरात आलास. मी भट्टी तयारच ठेवली होती. आत बसलो, वाफ धरली तसा तू नागपूरचं सांगत राहिलास. एवढी माणसं, आणि पायाखालची धूळसुद्धा शांत बसल्यासारखी, असं म्हणालास. तुझा आवाज वेगळा होता. मला हेवा वाटला, खरं सांगतो. मग बाहेर आलो. मी रहाटाकडे निघालो तर तू म्हणालास,

"केशव, आज बादली मी काढतो."

बाहेर, उजेडात, केशव. भाऊ नाही.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "माह्यं काई नाई रे श्रावण. माह्या मनात काई नाई. पन मायले काय वाटंन? म्हातारी हाय. तिच्या जिवाले लागंन."

तू माझ्याकडे पाहिलंस. खूप वेळ पाहिलंस. मग दुपट्टा खांद्यावर टाकलास आणि तसाच घामानं निथळत धुऱ्या-धुऱ्यानं निघून गेलास. आश्विनातली सकाळची थंडी. अंगावर पाणी न घेता.

मला राग आला! हो, मलाच. एवढी वर्षं मी काय कमी केलं, म्हणून दोन दिवस भाजीच्या झाडांवर ओरडलो. वाटलं, येईल. आठ दिवसांनी येईल, हंगाम संपल्यावर येईल. पिंपाला गंज चढला. एकदा पुलगावच्या बाजारात दिसलास, माझ्या पाटीतला सांभार उचलून हुंगलास. "गुडघे कसे हायत केशवभाऊ?" मी म्हणालो, बरे हायत. बरे कुठले, तिथे बसल्या जागेवरून उठता येत नव्हतं. "येजो कधी," मी म्हणालो. "तुमीच याजा," तू म्हणालास. दोघं हसलो. तेच शेवटचं.

बातमी मला प्रेसच्या एका हमालाकडून कळली, तीही दोन दिवसांनी. छातीत कफ भरला, ताप उतरला नाही. मी तुझ्या घरी गेलो. तुझ्या घरच्या सखुवैनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, बाबा दारात. वैनी म्हणाल्या, "तापात म्हनत होते, निंबाचा पाला आना, वाफ घेतो. म्या म्हनलं, केशवभाऊले निरोप देऊ का? तं म्हने नको, थंडीत त्याचे गुडघे दुखत असतीन, कायले एवढं चालवतं."

बोलायचं ते सोडून मी भलतंच बोललो. म्हणालो, "वैनी, आतापासून माह्या विहिरीवरून पानी नेत जा. बिलकूल संकोच करू नोका."

वैनींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "आमची इहीर झाली ना भाऊ. दोन उनाये खोदली आमच्या मोहल्ल्यानं. पह्यली कुदळ यायनंच मारलती. गोड पानी लागलं. मले तुमच्या पान्याचं काय काम?" मग उठत म्हणाल्या, "पानी घेता का?"

आणि श्रावण, माझ्या तोंडून निघून गेलं, "नाई नाई, आत्ताच पेऊन आलो."

सवयीनं निघालं. विचार करून मी असं बोललो नसतो. पण निघालं, आणि बाबांनी मान खाली घातली.

घरी येऊन मी मायजवळ बसलो. तिला आता नीट दिसत नाही. मी म्हणालो, माय, मी श्रावणले इहिरीवर हात लावू देल्ला नाई, तुह्यासाठी. तुले वाईट वाटू नये म्हनून. मला वाटलं ती म्हणेल, बरं केलं. किंवा म्हणेल, जाऊ दे.

माय म्हणाली, "त्यानं तं काढलं होतं पानी."

"कोनं?"

"श्रावननं. त्या दसऱ्याच्या आंधीचा वैशाख. तू भाजी घेऊन बजारात गेलता. तो पिंप घासून राह्यला होता. मले भोवळ आली, रहाटापाशी पडली म्या. म्हनलं, बापा, पानी दे. तो म्हने, माय, म्या कसं काढू? म्हनलं, मी मरून राह्यली अन् तू इचारून राह्यला? काढ. त्यानं काढलं, म्या ओंजय धरली, त्यानं वरून ओतलं. लय थंड होतं."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुह्या भेवानं," माय म्हणाली. "तू कोपला असता. म्या त्याले म्हनलं, बापा, केशवले सांगजो नको. तो म्हने, नाई सांगत माय."

म्हणजे तुला माहीत होतं. मी मायच्या पदराआड लपत होतो तेव्हा तुला माहीत होतं की तिथे पदर नाहीच. एक वाक्य बोलला असतास तर मी तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. पण तू माझ्या मायला शब्द दिला होतास, आणि माझ्याशी दोस्ती तुटली तरी तो मोडला नाहीस. मी त्या तुझ्या बघण्याला दोन वर्षं राग समजत होतो. तू वाट बघत होतास रे. मी स्वतःहून काही दुसरं बोलतो का, याची.

म्हणून काल भट्टी पेटवली. पिंप घासलं, पाला बांधला, बारदाना भिजवून टांगला. आत बसलो. वाफ दाट झाली, आणि मी फळीवर थोडा सरकून बसलो, जागा करून. कोणी काही बोललं नाही. निंबाचा वास तोच. नळी तशीच मधेच अडखळत होती. मी मोठ्यानं म्हणालो, बरं बाप्पा, पानी. तुह्यंच खरं.

बाहेर आलो. धुकं होतं. रहाटाजवळ गेलो आणि बादलीला हात लावला नाही. कमरेला पंचा, अंगातून वाफा निघताहेत, असा मी धुऱ्यानं चालत सुटलो. तू गेलास त्याच धुऱ्यानं. गुडघे बोलत होते. वाटेत दोन बायका दिसल्या, त्यांनी तोंड फिरवलं. तुमच्या मोहल्ल्यात पोचलो तेव्हा दातावर दात वाजत होते.

विहिरीवर बाबा होते. नवीन विहीर, दगडांना अजून टाकीचे घाव दिसतात.

"कोन व्हय?"

"केशव."

"असा उघडा?"

"वाफ घेऊन आलो बाबा. आंगावर पानी ओता."

वैनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मग बाबांनी बादली सोडली. त्यांच्या हातून ती हळूहळू वर आली, मला मदत करावीशी वाटली, केली नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी आधी पायांवर ओतलं. मग खांद्यांवर. मग डोक्यावर. ही रीत त्यांना कोणी शिकवली हे मला विचारावं लागलं नाही.

बादली संपली. मी पंचा पिळायला लागलो तर बाबा म्हणाले, "थांब. श्रावन सांगून गेला. म्हने, केशव येईन कधी ना कधी. आला तं दोन बादल्या ओतजा, त्याचं डोकं एका बादलीत थंडं होत नाई."

आणि त्यांनी बादली परत विहिरीत सोडली.